‘ताण सोडा, क्रोन्स जाईल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीकडे गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आहे. रविवारी रात्री ती आठवडाभराच्या गोळ्या त्यात भरून ठेवते. गेल्या गुरुवारी मी तिच्याकडे गेले, तर सोम, मंगळ, बुध हे तिन्ही कप्पे भरलेलेच होते. विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. मावशीने पाठवलेला लांबलचक मेसेज होता, वर ‘पुढे पाठवला आहे’ असा शिक्का आणि खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

बहिणीला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: क्रोन्स हा मनात साठलेल्या रागाचा आणि ताणाचा आजार आहे. औषधं नुसती लक्षणं दाबतात, म्हणून 40 दिवस सगळी औषधं बंद करून आतड्याला विश्रांती द्या. कच्च्या भाज्या आणि सालीसकट फळं खा. गहू आणि दूध कायमचं सोडा. व्यायाम टाळा. सिगारेट ओढत असाल तर ओढा, निकोटीन आतड्याला बरं असतं आणि ताणही हलका होतो.

मावशीवर माझा राग नाही. तिला भाचीची काळजी आहे, तिने वाचलं आणि पाठवलं. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘मनाचा आजार’. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते आणि आतड्याच्या भिंतीला आरपार सूज येते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही ती येऊ शकते, पण सगळ्यात जास्त सापडते ती लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. 1932 साली बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्यापुढे कापून काढलेली आतडी होती, जाड झालेली, व्रण पडलेली. 2001 साली नॉड-2 या जनुकाशी त्याचा संबंध सापडला, आणि त्यानंतर असे दोनशेहून जास्त जनुकीय दुवे मिळाले आहेत. राग गिळल्याने जनुक बदलत नाही.

पोटाच्या अल्सरचंही असंच झालं होतं. कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा रुग्णांना सांगत होते, चिंता करता म्हणून अल्सर होतो. 1982 साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यामागचा जंतू सापडला, 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. तोवर किती माणसं स्वतःच्या स्वभावाला दोष देत जगली असतील!

ताणाचा काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मेसेजमधला अर्धा खरा भाग हाच आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. मेंदू आणि आतडं सतत एकमेकांशी बोलत असतात. ताणात आतड्याची हालचाल बदलते, कळ जास्त जाणवते, झोप उडते. पुष्कळ रुग्ण सांगतात की परीक्षेनंतर किंवा घरात कोणी गेल्यावर फ्लेअर आला, म्हणजे शांत असलेला आजार पुन्हा उसळला. पण कधीकधी पोटात कळा येतात, जुलाब होतात आणि सूज मात्र वाढलेली नसते. ते ओळखायला मलातलं कॅलप्रोटेक्टिन तपासतात, आतड्याला सूज असली की वाढणारं हे प्रथिन. आकडा कमी असेल तर दुखणं खरं असलं तरी सूज वाढलेली असण्याची शक्यता कमी, आणि तिथे ताणावरचे उपाय खरोखर कामाला येतात. उलटही होतं. माणूस अगदी ठणठणीत असतो, जेवतोखातो, कामावर जातो, आणि आत सूज चालूच असते. ती गुपचूप भिंत जाड करत जाते, आतडं अरुंद होतं, कधी फिस्टुला होतो, म्हणजे आतड्यातून दुसऱ्या अवयवाकडे किंवा कातडीकडे नको ती वाट पडते. ‘मला बरं वाटतंय’ एवढ्यावर औषध सोडायचं नसतं, ते यासाठी.

आता 40 दिवसांची ‘विश्रांती’. सगळ्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. औषधं लक्षणं दाबतात म्हणे. माझी बहीण घेते ती अ‍ॅझाथायोप्रिन प्रतिकारशक्तीलाच आवर घालते, म्हणजे सूज जिथून येते तिथेच काम करते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. तीन दिवस चुकल्याने आकाश कोसळलं नाही, पण 40 दिवस सोडल्या असत्या तर पुन्हा पहिल्या पायरीवर जायची वेळ आली असती.

आणि ज्यांना स्टिरॉइड चालू आहे त्यांनी हा मेसेज पाळला तर? काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे जगायला लागणारं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर तो डोस पायरीपायरीने उतरवतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे एकदाही सांगितलेलं नाही.

औषध थांबवल्यावर काय होतं, हे बघायचा प्रयत्न डॉक्टरांनी स्वतः केलेला आहे. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांचा ‘स्टोरी’ नावाचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात 115 रुग्ण होते, सगळे सहा महिन्यांहून जास्त काळ स्टिरॉइडशिवाय शांत असलेले. त्यांचं इन्फ्लिक्सिमॅब (सूज आवरणारं, ‘बायोलॉजिक’ प्रकारातलं इंजेक्शन) तेवढं थांबवलं, प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध चालूच ठेवलं. वर्षभरात जवळपास 44 टक्के लोकांचा आजार उलटला. नीट वाचा: निवडून घेतलेले, स्थिर रुग्ण, एक औषध चालू असलेले, ठरल्या वेळी तपासण्या होत असलेले, तरी ही गत. इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा दिल्यावर त्यातले बहुतेक सावरले, हेही सांगायला हवं. पण ते सावरले कारण कोणीतरी लक्ष ठेवून होतं आणि औषध लगेच सुरू झालं. बायोलॉजिक इंजेक्शनांमध्ये आपल्या मनाने खंड पाडला तर काहींच्या शरीरात त्याच औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मग ते लागू पडेनासं होतं. ज्यांना दोन-तीन औषधं आधीच लागू पडलेली नाहीत, त्यांच्यासाठी हा फार मोठा तोटा आहे.

सिगारेटचा मुद्दा वाचून मी मोबाइल खालीच ठेवला. हा गोंधळ कुठून आला ते माहीत आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा या आजाराचा भाऊबंद आहे, त्याच्यावर निकोटीनच्या पट्ट्यांचे प्रयोग झालेले आहेत. क्रोन्समध्ये गणित नेमकं उलटं आहे. धूम्रपानाने फ्लेअर वाढतात, औषधं वाढतात, शस्त्रक्रिया वाढतात. 2001 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात, ज्यांनी सिगारेट सोडून वर्ष उलटलं होतं त्यांचा फ्लेअरचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या बरोबरीला आलेला दिसला. जीवनशैली बदलून आजाराच्या चालीवर इतका ठोस फरक पडतो असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि मेसेज नेमकं तेच चालू ठेवायला सांगतो.

बाकीचं पटकन. कच्च्या भाज्या आणि साली: आतडं अरुंद झालेल्या माणसाने एवढा चोथा खाल्ला तर तो तिथे अडकून आतडं बंद होऊ शकतं. ज्यांचं आतडं मोकळं आहे, आजार शांत आहे, त्यांना भाज्या-फळं चालतात, हवीतच. गहू सोडायचा तो सीलिअ‍ॅकमध्ये, तो वेगळा आजार. दुधाने त्रास होत असेल तर सोडा, नसेल तर हाडांसाठी कॅल्शियम लागतं, स्टिरॉइड घेणाऱ्यांना तर जास्तच. आहाराने काहीच होत नाही असंही नाही. मुलांमध्ये सहा ते आठ आठवडे फक्त ठरावीक द्रव आहार देऊन सूज उतरवतात, पण तोही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या हाताखाली. व्यायाम टाळायचं कारण नाही. आजार शांत असताना चालणं, पोहणं, शरीर हलकं ताणायचे व्यायाम चांगलेच.

राहिला प्रश्न ताणाचा. क्रोन्सच्या माणसाचा ताण बहुतेक वेळा आजारातूनच येतो, हे मेसेजवाल्याला दिसलेलंच नाही. माझी बहीण कुठेही गेली की आधी शौचालय कुठे आहे ते बघते. पर्समध्ये कपड्यांचा एक जोड असतो. मीटिंग लांबली की तिचे तळहात ओले होतात. तिचा ताण कमी झाला तो वरिष्ठांना आजाराबद्दल स्पष्ट सांगितल्यावर, दाराजवळची खुर्ची मिळाल्यावर. समुपदेशनालाही ती जाते, रात्री श्वासाचे व्यायाम करते, त्याने तिला झोप लागते. हे सगळं गोळ्यांच्या जोडीने चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

मग तो मेसेज आला. रात्री तिने मला विचारलं, “ताई, मीच ओढवून घेतलं का गं हे? मी लहानपणापासून चिडकीच आहे ना.” सहा वर्षं दुखणं काढलेल्या मुलीला एका मेसेजने हा प्रश्न पाडला. तिला मी एवढंच म्हटलं, की चिडकी तर मीही आहे, तुझ्याहून जास्त.

शुक्रवारी तिने डॉक्टरांना फोन करून गोळ्या चुकल्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत, लगेच सुरू कर म्हणाले आणि कॅलप्रोटेक्टिन करायला सांगितलं. नमुना दिला आहे, अहवाल यायचा आहे. मावशीला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मी अजून चौघींना पाठवलाय गं. त्यांना तुझं हे पाठवू का?” म्हणून लिहून काढलं.