यशाबद्दल बोललं की लगेच अहंकार?
"स्वतःच्या यशाबद्दल बोलायला लागलात की अहंकार सुरू झाला" हे एका लेखातलं वाक्य वाचलं, अजिबात पटलं नाही. खाशाबा जाधवांचं बघा ना, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे की, पण नंतर त्याच माणसाने कुस्त्यांचं मैदान भरवून ज्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी हेलसिंकीला जायला स्वतःचं घर गहाण टाकून पैसे दिले होते त्यांचे पैसे फेडले.

कुणाच्या जिवावर इथवर आलो हे लक्षात आहे का, मला तरी फरक तिथेच दिसतो. आमच्या तालमीतले वस्ताद आपल्या जुन्या कुस्त्या रंगवून रंगवून सांगायचे पण हरलेल्या पैलवानाचं नाव कायम आदराने घ्यायचे, त्यांना कुणी गर्विष्ठ म्हटलेलं मी ऐकलं नाही.