येशू क्रुसावर मेलाच नाही? फिरत्या मेसेजला उत्तर

ईस्टर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मराठी मेसेज हटकून फिरतो. यंदा चर्चमधल्या एका कॉलेजच्या मुलाने तो मला पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘अंकल, याला काय उत्तर द्यायचं?’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पुनरुत्थानाची कथा तीनशे वर्षांनी एका परिषदेत रचली. ती ओसायरिस आणि मिथ्र या जुन्या देवांवरून उचलली. येशू क्रुसावर मेला नव्हता, नुसती शुद्ध हरपली होती. पुढे तो काश्मिरात आला आणि त्याची कबर श्रीनगरला आहे. शिष्यांना जे दिसलं तो भास. चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांचे येशूविषयीचे वृत्तांत, एकमेकांशी जुळत नाहीत. आणि आपल्याकडच्या लोकांनी पाद्र्यांचं ऐकून, न वाचताच मान डोलावली.

आधी एक गंमत. येशू खरोखर जगला-वाचला असेल तर शिष्यांना भास व्हायचं कारण नाही, आणि कथा तीनशे वर्षांनी रचली असेल तर भास व्हायला शिष्यच उरत नाहीत. यातलं नेमकं काय झालं हे मेसेजवाल्याने ठरवलेलंच नाही. असो, एकेक घेऊ.

परिषद म्हणजे इ. स. ३२५ची नायसियाची. तिथला वाद पुत्राचं, म्हणजे येशूचं, पित्याशी, म्हणजे देवाशी, नातं काय, हा होता. ज्या आरियस नावाच्या धर्मगुरूविरुद्ध ती भरली, तोही पुनरुत्थान मानणाराच होता. मुख्य पुरावा तर फार जुना आहे. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५मधलं. ते पौलाचंच आहे हे ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही मानतात. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना, आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. क्रूस इ. स. ३० किंवा ३३चा धरला तर मध्ये वीस-पंचवीस वर्षं. आणि हे त्याला मिळालं केव्हा? गलतीकरांस पत्रात तो सांगतो की विश्वास धरल्यावर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेत पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा, म्हणजे येशूचा, भाऊ याकोब यालाही भेटलो.

वीस-पंचवीस वर्षं म्हणजे किती, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजवायला नको. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाला २०१० साली चोवीस वर्षं झाली होती. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाशी लोक जमतात. २०१० साली कोणी उठून आंदोलनाबद्दल मनचं काहीतरी लिहिलं असतं आणि वर ‘पाहिलेली माणसं अजून आहेत, जाऊन विचारा’ असंही म्हटलं असतं, तर बेळगावकरांनी त्याला भर चौकात जाब विचारला असता. पौल नेमकं हेच म्हणतोय, आणि तेही त्याच्याशी भांडायला टपलेल्या मंडळीला.

ओसायरिस-मिथ्रावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ओसायरिसच्या देहाचे तुकडे त्याची पत्नी इसिस हिने गोळा केले आणि तो पाताळाचा राजा झाला. आपल्या लोकांत परत आला नाही. मिथ्र खडकातून जन्मतो, बैल मारतो. तो मेल्याची कथाच कुठे नाही, मग उठणार कुठून?

काश्मीरचा मुद्दा मात्र आपल्याकडे फार चालतो. येशू आपल्या मातीत आला हे ऐकायला कोणालाही बरं वाटतं, म्हणून तो नीट पाहू. क्रुसावर मारणं हे रोमी शिपायांचं रोजचं काम होतं. आधी फटके, मग क्रूस. योहानाच्या वृत्तांताप्रमाणे वर कुशीत भाला. मार्क सांगतो की रोमी सुभेदार पिलातालाही इतक्या लवकर मेला याचं नवल वाटलं, म्हणून त्याने शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतली. त्याच शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस आपल्या आत्मचरित्रात लिहितो की क्रुसावर टांगलेले तीन ओळखीचे त्याने रोमी सेनापती तीतसाकडे रदबदली करून खाली उतरवून घेतले. वैद्यांनी उपचार केले, तरी दोघे दगावले. येशूवर कोणी उपचार केल्याची नोंद नाही. तरीही वाचला असं धरू. मग रक्ताळलेला, उभंही राहता न येणारा माणूस पाहून शिष्य म्हणाले असते, ‘वैद्याला बोलवा’. ‘याने मरणाला जिंकलं’ असं कोण म्हणेल? हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातल्या श्ट्राऊस या जर्मन अभ्यासकाचा आहे, आणि तो स्वतः पुनरुत्थान मानत नव्हता.

श्रीनगरच्या खानयार भागातलं रोझाबल हे यूझ आसफ नावाच्या साधुपुरुषाचं स्थान. ती येशूची कबर आहे, हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९च्या सुमारास मांडला, म्हणजे घटनेनंतर साडेअठराशेहून अधिक वर्षांनी! यूझ आसफची कथा अरबी-फारसीत आधीपासून होती. राजपुत्र ऐश्वर्य सोडतो, विरक्त होतो. एका जुन्या पाठात तो काश्मिरातच देह ठेवतो. ही बुद्धचरित्राचीच प्रवास करत गेलेली आवृत्ती आहे. मेसेजमध्ये पुढे, येशू भारतात येऊन गेला असं सांगणारी लडाखच्या हेमिस मठातली पोथी येते. ती नोतोविच या रशियन लेखकाने १८९४ साली छापली. पुढच्याच वर्षी डग्लस नावाचे प्राध्यापक मठात गेले तर लामांनी अशी पोथी नाही म्हणून सांगितलं. मजा अशी की नोतोविचच्या पुस्तकातही येशू मायदेशी परततो आणि क्रुसावर मरतो. मेसेजवाल्याने ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

भासाचा मुद्दा जरा वजनदार आहे. गेलेलं माणूस दिसल्यासारखं होणं आपल्याही घरांतून घडतं. पण त्यामुळे कोणी कबर उघडायला जात नाही. ‘आई येऊन गेली’ म्हणतो आणि आई गेली हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शिवाय ज्यांना येशू दिसला त्यांतला पौल शोकात नव्हता, तो ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होता. याकोबही सुरुवातीला भावावर विश्वास न ठेवणाऱ्यांत होता. त्याला इ. स. ६२ साली दगडमार करून मारलं, ही नोंद पुन्हा जोसेफसचीच.

वृत्तांतांत फरक आहेत, आणि ओढूनताणून ते बुजवणं मला पटत नाही. कबरेपाशी मार्क तीन स्त्रिया सांगतो, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो. देवदूत कुठे एक, कुठे दोन. पण आठवड्याचा पहिला दिवस, रिकामी कबर आणि मरीया चौघांतही आहेत. रचायचंच होतं तर साक्षीदार म्हणून स्त्रिया का घेतल्या? त्यांची साक्ष घेऊ नये, असं जोसेफस स्पष्ट लिहितो. प्रेषितांनाही ती बडबड वाटली, हे लूकने लपवलेलं नाही.

‘न वाचता मान डोलावली’ हे वाक्य तर बेळगावात बसून लिहायला नको होतं. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी इथलेच, जन्म १८३१चा. कित्येक वर्षं वाचून, वाद घालून त्यांनी १८५४ साली इथेच बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून स्वतः बायबलचं मराठी भाषांतर केलं.

खरा आक्षेप मेसेजमध्ये आलाच नाही: मेलेली माणसं उठत नाहीत. हे शिष्यांनाही माहीत होतं. थोमा तर जखमांत बोट घातल्याशिवाय मानायला तयार नव्हता. यहुद्यांची अपेक्षा अशी की युगाच्या अंती सगळे उठतील. मध्येच एकटा कोणी उठेल, हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. आम्हीही मेलेलं माणूस आपोआप उठतं असं म्हणत नाही, देवाने उठवलं असं म्हणतो. देवच नाही असं ज्याचं आधीच ठरलंय त्याला कुठलाही साक्षीदार पुरणार नाही, आणि त्याच्याशी वाद घालायचा तर तो देवापासून सुरू करावा लागेल, श्रीनगरच्या कबरेपासून नाही.