चाळीस सेकंदांत अल्बम निकालात कसा काढावा

राजेहो, आपल्या भागातल्या भाऊचा नवा अल्बम आला. शुक्रवारी रात्री बाराला आला आणि बारा वाजून सहा मिनिटांनी तो फालतू असल्याचं गावात जाहीर झालं. अल्बम ५१ मिनिटांचा आहे. हा हिशोब मला कसाच लागेना. पण आमच्या पानठेल्यावरच्या मंडळींना तो लागला, म्हणून त्यांच्या पायाशी बसून जे शिकलो ते तुमच्या हितासाठी लिहून ठेवतो.

भाऊचं नाव घेत नाही. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात घ्यायची गरजही नाही. गेल्या सहा-सात वर्षांत ज्याची वरात त्याच्या गाण्यावर निघाली नाही असा नवरदेव आमच्याकडे सापडायचा नाही. माझ्या पुतण्याच्या वरातीत त्याचं एकच गाणं अकरा वेळा वाजलं. डीजेवाल्याने बाराव्यांदा नकार दिला तेव्हा नवरदेवाच्या मामाने जनरेटरच्या वायरला हात घातला होता. तर असा हा भाऊ. तीन वर्षं त्याने काही काढलं नाही, आणि काढलं ते हे.

पहिली गोष्ट, मत आधी तयार ठेवायचं. अल्बम आल्यावर मत बनवायला बसलात तर ऐकावं लागेल, आणि ऐकलं की घोटाळा होतो.

दुसरी, ऐकायची वेळच आली तर फोनच्या स्पीकरवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, म्हणजे ढोलाचा पोट हलवणारा ठोका तिथल्या तिथे गायब. मग 'दम नाही राजा' म्हणायला मोकळे. फोन स्टीलच्या ग्लासात ठेवला तर आवाज वाढतो, आणि खालून मांजर अडकल्यासारखा एक नवीनच सूर फुकटात मिळतो.

गाण्यांचा क्रम कलाकाराने विचार करून लावलेला असतो, म्हणून शेवटच्यापासून सुरू करा.

प्रत्यक्ष ऐकण्याची क्रिया कशी करावी, ते आता सांगतो. शनिवारी सकाळी ती मी स्वतः पाहिली. चूक माझीच. रात्री पुतण्याचा हेडफोन लावून मी अख्खा अल्बम दोनदा ऐकला होता आणि उत्साहाच्या भरात ठेल्यावरच्या ब्लूटूथ स्पीकरला माझा फोन जोडला. पहिलं गाणं अंधारात सुरू होतं. रातकिडे, लांबवर एक कुत्रं. मग कुणीतरी चिखलातून चालतं, चपलेचा चपक-चपक आवाज येतो. मग स्टार्टरचं ते 'खट्'. मोटर गुरगुरते, सूर धरते, पाइपात हवा खोकते आणि पाणी पडायला लागतं. आणि त्या मोटरच्या घरघरीच्या पोटातून, तिच्याच लयीत, हळूच खंजिरी वर येते. याला तीन मिनिटं लागतात.

तीन मिनिटं! आमच्या लोकांनी चाळिसाव्या सेकंदाला निकाल दिला.

"सुरू कर न बे."

"सुरूच आहे."

"मंग गाणं कुठी हाय?"

"येते, थांब थोडं."

"हे तं आपली मोटर हाय! माह्या वावरात ये म्हना त्याले, फुकटात आयकवतो. वरून डीपी जळाल्याचा आवाजबी देतो."

ठेला हसला. ठेलेवाल्याच्या हातातून काताचा ब्रश सुटला इतका हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू, वाक्य चांगलं होतं. त्यानंतर खंजिरी आली तेव्हा सोयाबीनच्या भावावर चर्चा चालू होती.

तरी चाळीस सेकंद म्हणजे आमच्या लोकांनी दिलदारी दाखवली म्हणायची. स्पॉटिफायच्या हिशोबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलेलं धरतात. आम्ही दहा सेकंद वर दिले. भाऊने उपकार मानावेत.

मत देताना 'पहिलेचं चांगलं होतं' हे वाक्य कधीही विसरू नका. ते सदासर्वकाळ लागू पडतं. भाऊचं डीजेवर वाजणारं पहिलं गाणं आलं तेव्हा हीच माणसं याच ठेल्यावर म्हणाली होती, "कायचं ढिंच्याक काढलं, भजन म्हनत होता तेच बरं होतं." भजन म्हणत होता तेव्हाचंही मला आठवतं. मोझरी आमच्यापासून काही लांब नाही, तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या भजनी मंडळांच्या हाडात मुरलेली. हा चौदा-पंधरा वर्षांचा पोट्टा मंडळात खंजिरी वाजवायचा आणि मध्येच ठेका उलटा टाकायचा. तेव्हा म्हातारे म्हणाले होते, "पहिले वाजवत होता तसं वाजव." त्याच्याही पहिले तो पाळण्यात होता. तेव्हाचं रडणं तेवढं सगळ्यांना पसंत असावं.

ही विद्या एकट्या आपल्याच गावाची आहे असं मात्र समजू नका, फार जुनी आहे. पॅरिसमध्ये २९ मे १९१३ ला स्ट्राविन्स्की नावाच्या माणसाच्या संगीतावरचं एक नवीन नृत्यनाट्य लागलं, तर लोकांनी थिएटरात एवढा आरडाओरडा केला की वाजवणाऱ्यांचं वाजवणं ऐकू येईना. चांगली सुरुवात होती. पण पॅरिसची माणसं शेवटी कच्ची. पुढच्याच वर्षी, १९१४ ला, तेच संगीत तिथेच मैफलीत वाजलं तर त्याला खांद्यावर घेऊन बाहेर मिरवलं. मत बदललं म्हणजे! आपल्याकडे हा चावटपणा चालत नाही. एकदा ठेल्यावर बोललो की बोललो.

बॉब डिलनचंही तसंच. गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गाणारा माणूस विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तर १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या कार्यक्रमात एकजण भर सभागृहात 'ज्युडास' म्हणून ओरडला. ज्युडास म्हणजे येशूला पकडून देणारा. शिवी जबर आहे. पण त्या गड्याची पद्धत चुकली. कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग जुन्याच पद्धतीचा होता, तो संपला, मग विजेचा सुरू झाला, तोही बराच होऊ दिला आणि मग ओरडला. तिकीट काढून, समोर बसून, ऐकून शिवी द्यायची? इतका वेळ कोणाला आहे?

आणि आपल्या मराठी मुलखात राहून देवासला गेलेले कुमार गंधर्व आहेतच. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचा हा मुलगा, लोक खूश. मग क्षयाने धरलं, एक फुप्फुस निकामी झालं, गाणं काही वर्षं बंद. खाटेवर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडत राहिली. उठल्यावर गायला लागले ते सगळं निराळंच, आणि जाणकारांच्या कपाळाला आठ्या. अशा वेळी आपण असतो तर पहिल्या रांगेतून ओरडलो असतो, ते लहानपणचं म्हणा न जी, हुबेहूबवालं.

समजलं नाही असं कधी कबूल करू नका. 'समजण्यासारखं काही नाहीच' असं म्हणा.

आता सगळ्यात रामबाण वाक्य. "आमच्यासारख्या कास्तकाराले टाइम कुठी हाय?" हे म्हणताना चेहरा थकलेला ठेवायचा, दुपट्ट्याने मान पुसायची. समोरचा गप्प होतोच, कारण कास्तकाराच्या वेळेवर कोण बोलणार? शनिवारी हे ज्याने म्हटलं तो सकाळी आठपासून ठेल्यावर होता. मी अकराला ठेल्यावरून उठलो तेव्हा तो तंबाखूचा तिसरा खर्रा घोटून घेत होता. माझा साळा वडशाकडचा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक पाहायला तो मला घेऊन गेला होता. रात्री दहानंतर पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. थंडीत, खाली तणस, अंगावर चादर, मांडीवर झोपलेलं लेकरू, आणि माणूस हलत नाही. आमच्याकडे सप्ताह बसतो, सात दिवस. क्रिकेटची मॅच आठ तास. पावसाने थांबली तर झाकलेलं मैदान पाहता! तेही दोन तास पाहता! जूनमध्ये सरकी टोबता आणि दिवाळीच्या आसपास पहिल्या वेचणीच्या आधी वावरात सीतादहीची पूजा करता, तोवर पाच महिने वाट पाहता. चौथ्या दिवशी बोंड दिसलं नाही म्हणून कपाशी उपटून 'फालतू बेणं' म्हणत नाही. आणि या दिवसात तर बोलूच नका. सगळ्यांचे संत्र्याचे बगीचे आंबिया बहारासाठी ताणावर आहेत. महिना-दीड महिना पाणी तोडलंय, पानं मलूल पडलीत, पिवळी होऊन गळतायत. बाहेरचा माणूस पाहील तर म्हणेल, बगीचा मेला. त्याला आपणच सांगतो ना, की थांबा जी, ताण दिल्याबिगर फूल येत नाही? मोठ्या शहाणपणाने सांगतो, चहा पाजून सांगतो. मग भाऊने तीन वर्षं स्वतःला ताण दिला, आपल्याच रात्रीच्या विजेच्या लाईनीचा, आपल्याच मोटरीचा आवाज घेऊन त्यातून काहीतरी उगवायला बघितलं, तर तुम्हाला तीन मिनिटं जड झाली? अरे, डीपी जळाला तर ट्रान्सफॉर्मरची महिनाभर वाट पाहता, ते चालतं तुम्हाला...

असो. रागवायचं नव्हतं, सल्ले द्यायचे होते.

सगळंच आवडलं असं मलाही म्हणायचं नाही. सहाव्या क्रमांकाला सात मिनिटं जिनिंगच्या मशीनचा खडखडाट आहे, त्याने माझं डोकं उठलं, आणि दुसऱ्यांदा ऐकतानाही उठलं. तिथे भाऊची चाल फसली असं माझं मत आहे आणि भेटला की तोंडावर सांगणार आहे. पण चौथं गाणं. त्यात त्याची आजी आहे. ती वारली त्याच्या आधी कधीतरी साध्या फोनवर तिच्या जात्यावरच्या ओव्या त्याने रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. जातं घरघरतं, आजीचा आवाज मध्येच तुटतो, श्वास घेते, खोकते, आणि भाऊ फक्त मागे एक लांब सूर धरून बसलेला. अकरा मिनिटं. ठेल्यावर एकजण म्हणाला, "म्हातारी कायले रडून राह्यली बे?"

तेच गाणं मी घरी ओसरीवर लावलं. माझी आई तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसली होती. तिला अल्बम म्हणजे काय ते माहीत नाही, लग्नाचे फोटो लावतात तो, एवढंच. आजी एका ठिकाणी ओवी म्हणता म्हणता दमून थांबते. माझ्या आईने शेंगेवरून नजर न उचलता पुढची ओळ म्हणून टाकली. मग मान वर करून मला म्हणाली, "कोन हाय थे? आपल्याच इकडची दिसते." आणि पुन्हा सोले.

तर अशा ढोबळ प्रतिक्रियांपासून लांब राहा. बाया जाणकार नसतात.

शेवटचा सल्ला, प्रतिक्रिया कल्पक असावी. आमच्या गावातल्या एका कलावंताने शनिवारी दुपारीच भाऊचा फोटो घेतला, त्याला हार घातला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'आपल्या सर्वांचा लाडका गायक' असं लिहिलं, दोन मेणबत्त्या लावल्या आणि स्टेटसला ठेवलं. दिवेलागणीपर्यंत निम्म्या गावाच्या स्टेटसला तेच. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. फोनवर पाच मिनिटांत होतं हे काम. तीन मिनिटं गाणं ऐकायला नव्हती, ही पाच निघाली.

रविवारी सकाळी भाऊची आई आमच्या घरी आली. दोन गल्ल्या सोडून राहते. तिला वाचता येत नाही. नातवाच्या फोनात तिने पोराचा फोटो पाहिला आणि तो फोन तसाच पदरात धरून आली.

"बाबू, पाह्य बरं, माह्या पोराच्या फोटोले हार काऊन घातला?"

मी म्हटलं, "सत्कार झाला काकू त्याचा. नवीन गाणे आले न."

काकू खूश झाली. पाणी प्यायली. जायला उठली, दारापर्यंत गेली आणि पुन्हा फोनकडे पाहत म्हणाली, "मंग खाली मेनबत्त्या काऊन हायेत?"

मी सांगितलं नाही. मोटर बंद करायची आहे म्हणून वावरात निघून गेलो. लाईन पहाटेच गेली होती, हे तिलाही माहीत असणार.

आता सल्ला वगैरे काही नाही, सरळ ऐका. नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, भाऊ काही मरत नाही त्याने. पण आधी ऐका. आणि ऐकायचं नसेल तर तोंड बंद ठेवा, कोणी गळ्यात माळ घालून बोलावलेलं नाही तुम्हाला. वरातीत त्याच्या गाण्यावर नाचताना त्याची जात, त्याचं गाव, त्याचं खानदान सगळं आपलं होतं, आणि एक गोष्ट त्याने तुम्हाला न विचारता केली तर लगेच त्याला मारून टाकलंत, तेही जिवंत मायच्या डोळ्यांसमोर. लाज वाटू द्या थोडी. पोट्टे आहेत, मजाक केली, असं कोणी मला सांगू नका. ज्यांनी स्टेटस ठेवलं त्यांत तीन माझ्या वयाचे आहेत, एक तर माझ्याहून मोठा, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात भाऊ एक रुपया न घेता गाऊन गेला होता.

तो फोटो आज सगळ्यांच्या फोनातून गेला पाहिजे. आणि ज्याने बनवला त्याने काकूच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि मेणबत्त्या कशाच्या होत्या ते तिला सांगायचं. मी नाही सांगणार.