कच्छ परदेश कधी झाला?

टोरंटोत मार्चचा पहिला आठवडा म्हणजे नावालाच वसंत. तळ्यांच्या कडेला अजून बर्फ, पायवाटांवर चिखल. तरी शनिवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून मी लेस्ली स्ट्रीट स्पिट या सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्यावर जाते, कारण लालखांद्यांची यायची वेळ झालेली असते. लालखांद्या हे माझं नाव, इथे त्याला रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड म्हणतात. काळाभोर नर, खांद्यावर लाल-पिवळा पट्टा. आधी नर येतात. गेल्या वर्षीच्या वाळक्या पाणकणसांवर झुलत, कर्कश ओरडत जागा अडवून बसतात. माद्या येतात काही आठवड्यांनी, थंडी जरा सरली की.

हिवाळा हा पक्षी अमेरिकेत काढतो. तरी शेजारच्या आजी विचारतात, "आले का आपले?"

आपले! आमच्याकडे महाराष्ट्रात वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात ठरलेला मथळा असतो: परदेशी पाहुणे दाखल. फ्लेमिंगोंनाही तोच. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग अभ्यासक संस्थेने २०२२ साली ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले, तर ते गुजरातकडे गेलेले दिसले. त्यांची मोठी वीण होते कच्छच्या रणात. कच्छ परदेश कधी झाला?

शब्दावरून एवढं अडून बसायचं कारण आहे. पाहुण्याला "दुसरीकडे सोय बघा" म्हणता येतं, घरच्याला नाही. नवी मुंबईत नेरूळला फ्लेमिंगो उतरतात तो डीपीएस तलाव राखायचा की तिथे बांधकाम करायचं यावरून वाद पेटला तेव्हा माझा सख्खा दादा फोनवर हेच म्हणाला. "अगं, खाडीत एवढं अभयारण्य दिलंय ना त्यांना? जातील तिकडे."

दिलंय खरं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५चं, २०२२मध्ये ते रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेलं. पण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, आणि त्या पायांना उथळ पाणीच लागतं. ओहोटी लागेपर्यंत थांबायला ते या तळ्यांवर येतात. म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आणि तलाव ही ओसरी. ओसरी पाडून ताट कितीही मोठं ठेवलं तरी काय उपयोग? शिवाय तळ्याकडे येणारं भरतीचं पाणी अडलं की तळं आटतं, आटलं की पक्षी फिरकत नाहीत, आणि फिरकले नाहीत की म्हणायला मोकळे: बघा, इथे पाणथळ जागा नव्हतीच.

"तुमच्या कॅनडात सगळं गोडच असेल," दादा म्हणाला. नाही रे बाबा. मी उभी असते तो स्पिट हाच मुळी भराव आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ऑन्टारियो सरोवरात राडारोडा टाकून तयार झालेली पाच किलोमीटरची जीभ. किनाऱ्यावर अजून विटा आणि गंजलेल्या सळया दिसतात. हेतू बंदराचा होता, पक्ष्यांचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. काचेच्या इमारतींवर आपटून मेलेले पक्षी इथले स्वयंसेवक १९९३ पासून वेचताहेत, आणि नव्या इमारतींच्या काचा पक्ष्यांना दिसतील अशा करायची सक्ती व्हायला २०१० उजाडलं.

भरावाचं ऐकून दादा खूश झाला. "म्हणजे भरावावरही पक्षी येतात!" येतात, पण त्या भरावावर झाडं आपोआप उगवली, पक्षी उतरले, आणि १९७७मध्ये नागरिक संघटना करून अडून बसले की आता इथे काही बांधायचं नाही. पक्षी दुसरीकडे जातील, हे त्यांनी ऐकून घेतलं नाही. मला फरक दिसतो तो एवढाच. त्यात गोऱ्या लोकांचं पुण्य वगैरे काही नाही.

परवा दादाला विचारलं, यंदा तळ्यात किती आहेत? उत्तरादाखल त्याने चौकातल्या फ्लेमिंगोंच्या पुतळ्यांचा फोटो पाठवला. नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते, त्यामुळे पुतळे बरेच आहेत. खाली लिहिलं होतं: "हे मोजून सांगू?"