अंकली पुलाच्या दोन बाजू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी आणि कुरुंदवाड या शेजारगावांच्या एकत्रित वाहतूक नियोजनासाठी संयुक्त मंडळ आणि बसचा सामाईक पास सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : संयुक्त वाहतूक मंडळ म्हणजे आणखी एक समिती आणि दिवा लावलेली आणखी एक सरकारी गाडी, ज्या नगरपालिकांना पथदिव्यांचे बिल जड जाते, त्या बससाठी पैसे कोठून आणणार, घरोघरी दुचाकी आल्यामुळे आता रस्ता रुंद केला की काम झाले, आणि वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणारी खासगी वाहने, चालवणाऱ्यांच्या पोटाचा मी एका ओळीतही विचार केला नाही. यातला शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पहिला अर्धा मान्य आहे, आणि उरलेल्या दोहोंशी मी सहमत नाही.

समितीपासून सुरुवात करतो, कारण आपला राग तिथेच जास्त आहे. नियोजनासाठी आज एकही यंत्रणा नसती, तर नवी कशाला, हा आपला प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारावा लागला असता. परंतु यंत्रणा आहे, आणि अडचण तिच्या हद्दीची आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३-झेडडीनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते, आणि नगरपालिका व पंचायती यांच्या सामाईक हिताच्या बाबींचा, त्यांत पायाभूत सुविधांच्या एकात्मिक विकासाचाही, विचार करणे हे तिचे काम आहे. मात्र कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडला की अलीकडे सांगली जिल्हा आणि पलीकडे उदगावपासून कोल्हापूर जिल्हा. सांगलीहून मिरज दहाएक किलोमीटर आणि जयसिंगपूर बाराएक. म्हणजे कुपवाडच्या कारखान्यात कामाला जाणारा जयसिंगपूरचा माणूस आणि मिरजेचा माणूस यांच्या रोजच्या प्रवासात फारसा फरक नाही, पण त्यांच्या प्रवासाचा विचार दोन वेगळ्या सभागृहांत होतो. जिल्ह्याची हद्द ओलांडणारे नियोजन घटनेला ठाऊक नाही असेही नाही. कलम २४३-झेडई महानगर नियोजन समितीची तरतूद करते आणि महानगर क्षेत्र एकाहून अधिक जिल्ह्यांत पसरलेले असू शकते. फक्त त्यासाठी लोकसंख्या १० लाख किंवा त्याहून अधिक लागते. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या सुमारे ५ लाख, इचलकरंजीची सुमारे २ लाख ८७ हजार आणि जयसिंगपूरची ५० हजारांच्या आसपास होती. कुरुंदवाड, शिरोळ आणि मधली खेडी धरली तर आकडा त्या उंबऱ्याजवळ जातो, हे खरे. पण महानगराचा शिक्का मारून घेण्यासाठी गावांची बेरीज करत बसण्यात मला रस नाही. त्या शिक्क्याबरोबर जमिनींचे भाव आधी येतात आणि बस नंतर, हे आपणही पाहिले असेल.

एसटीचीही तीच विभागणी आहे. इचलकरंजी आणि कुरुंदवाड ही आगारे कोल्हापूर विभागात, तर सांगली आणि मिरज ही आगारे सांगली विभागात. पुलावरून दोन्हीकडच्या गाड्या धावतात, त्यामुळे "गाड्या आहेतच की" हे आपले म्हणणे खोटे नाही. प्रश्न वेळांचा आहे. प्रत्येक आगार आपल्या चालक-वाहकांच्या पाळ्या, आपल्या मुक्कामी गाड्या आणि आपले उत्पन्न पाहून वेळा ठरवणार, यात त्याचा दोष नाही, त्याला तेवढेच काम दिलेले आहे. पण दोन आगारांनी आपापल्या सोयीने ठरवलेल्या वेळा एकाच रस्त्यावर आल्या की दोन गाड्या एकमेकींच्या मागोमाग येण्याची आणि मग बराच वेळ एकही न येण्याची शक्यता राहते, आणि प्रवाशाच्या दृष्टीने मागोमागच्या दोन गाड्या ही एकच फेरी असते.

आपण लिहिलेत की निरनिराळ्या कार्यालयांना एकत्र बसवणे व्यवहारात शक्य नाही. याचे उत्तर मिरज स्टेशनात आहे. मिरज जंक्शनात मध्य रेल्वेचे पुणे आणि सोलापूर हे दोन विभाग आणि दक्षिण पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग, असे तीन विभाग येऊन मिळतात. तीन विभाग आणि दोन क्षेत्रीय रेल्वे असूनही गाडी फलाटावर "आमची हद्द संपली" म्हणून थांबत नाही, कारण हद्दी वेगळ्या असल्या तरी वेळापत्रक एकमेकांशी जुळवलेले असते. मला जे हवे आहे ते एवढेच, रबरी चाकांसाठी. म्हणून 'मंडळ' हा शब्द मी मागे घेतो. त्या शब्दाने इमारत, अध्यक्ष आणि वाहनभत्ता डोळ्यांसमोर येतो, हे आपल्या प्रतिक्रियेवरून कळले. एसटीचे दोन विभाग नियंत्रक, दोन महापालिका आणि तीन-चार नगरपालिकांचे अधिकारी वर्षातून दोनदा, म्हणजे शाळा-महाविद्यालये उघडण्यापूर्वी आणि ऊस हंगाम सुरू होण्यापूर्वी, एकत्र बसून या पट्ट्यातल्या फेऱ्यांचा एकच तक्ता मंजूर करतील, तर माझ्या लेखातली बरीचशी मागणी पूर्ण होईल.

पैशांबद्दल. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी २००७मध्ये आपल्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही सामाईक बस कंपनी उभी केली आणि तिची तूट ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतली. नाशिकला २०२१पासून शहर बससेवा महापालिकेच्या कंपनीमार्फत चालते. ही उदाहरणे मी लेखात दिली होती, आणि ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे आपले म्हणणे रास्त आहे. जयसिंगपूर किंवा कुरुंदवाडने बस विकत घेऊ नये, डेपो बांधू नये. मात्र तक्ता जुळवायला बस लागत नाही. त्याच वेळी हेही कबूल करतो की सामाईक पासचा माझा आग्रह घाईचा होता. कोणाच्या गाडीतून कोण किती फिरले याचा हिशेब जुळल्याशिवाय पासाचे पैसे वाटता येत नाहीत, आणि त्या भांडणात वेळापत्रकही बुडेल.

आता दुचाकी आणि रुंद रस्ता. शिरोली-अंकली रस्त्याचे चौपदरीकरण किती काळ रखडले, ते आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तो कधीतरी पूर्ण होईलही, पण ऊसतोड सुरू झाली की त्याच रस्त्यावर जोड ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असणार आणि अंधारात त्यांच्या मागे दुचाकीही असणार. शिवाय दुचाकी घरात असणे आणि प्रत्येकाच्या हाती असणे यांत फरक आहे. मिरजेच्या दवाखान्यांत येणारे रुग्ण, महाविद्यालयातल्या मुली, दुसऱ्या पाळीवरून सुटणाऱ्या कामगार स्त्रिया आणि सत्तरीच्या पुढची माणसे बसच्याच आशेवर असतात. १७ मार्च २०२३पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पण सवलत तिकिटावर मिळते, न येणाऱ्या गाडीवर मिळत नाही.

वडापचा विषय मी टाळला, ही माझी चूक. मोटार वाहन कायद्यात वाटेत थांबून प्रवासी चढवणे-उतरवणे हे टप्पा वाहतुकीच्या परवान्याचे काम आहे, आणि महाराष्ट्रात ती वाहतूक मुख्यतः एसटीकडे आणि महापालिकांच्या बससेवांकडे आहे. वडापवाला नेमके तेच करतो म्हणून तो कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरतो, आणि गाडी नसलेल्या वेळी तोच उपयोगी पडतो. त्याला हुसकावून लावण्याची मागणी मी केली नव्हती, पण तो जणू अस्तित्वातच नाही अशा रीतीने लिहिले, हे अधिक वाईट. तक्ता तयार होईल तेव्हा बस जिथे परवडणार नाही त्या आडवाटा, उदाहरणार्थ हातकणंगले स्टेशनावर उतरून इचलकरंजीच्या वाड्या-वस्त्यांकडे जाणे, वडापला रीतसर परवान्याने देता येतील का, हा प्रश्न त्या बैठकीत सर्वांत आधी यायला हवा. हा निर्णय राज्य शासनाच्या पातळीवरचा आहे, त्यामुळे तो लवकर होईल असे मी म्हणत नाही.

कर्नाटकातल्या बोरगाव-निपाणीकडच्या गाड्यांचे आपण विचारलेत. तिकडे दोन राज्यांमधील करार लागतो, म्हणून तो भाग मी सध्या बाहेर ठेवला आहे.

एक मुद्दा आपण मांडला नाहीत, पण तो आपल्याच गावाचा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात सांगली-कोल्हापूर रस्ता बंद पडला. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला मिरजेच्या दवाखान्यात जायचे, तर कोणता पूल चालू आहे आणि कोणत्या बाजूने गाडी सुटते आहे, हे सांगणारे एक ठिकाण हवे होते, कारण नदी दोन्ही जिल्ह्यांत एकाच दिवशी चढते. नेहमीच्या दिवसांत ज्यांना एकमेकांचे वेळापत्रक ठाऊक नसते, त्यांना पुराच्या दिवशी ते अचानक ठाऊक होणार नाही.

आपण रोज शिरोळहून सांगलीला जाता, असे लिहिले आहे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत शिरोळ आणि कुरुंदवाड येथून प्रत्यक्ष सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा आठवडाभर टिपून पाठवल्यात, तर फार उपयोग होईल. इचलकरंजी आणि जयसिंगपूर येथल्या नोंदी मी स्वतः घेण्यास सुरुवात केली आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून पुढचा लेख लिहीन, आणि त्यात वडापच्या फेऱ्याही असतील.