"ताई, तुम्हाला काय कळणार?" या प्रतिक्रियेला उत्तर

मुलांच्या जुनाट पोटदुखीवर आणि बद्धकोष्ठतेवर दुसऱ्याच्या शौचातले जिवाणू आतड्यात सोडण्याची घाई नको, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही या उपचाराने ८० टक्के बरे होतात म्हणालात, ओळखीतल्या एका बऱ्या झालेल्या मुलाचा दाखला दिलात आणि मला औषध कंपन्यांची दलाल ठरवलंत. नॉर्वेचा अभ्यास मी गाळला, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. २०२० साली एकाच निवडक दात्याचा नमुना वापरून तो आयबीएसच्या (तपासण्यांत काही न सापडता पोट दुखत राहणं आणि शौच बिघडणं) १६५ रुग्णांवर झाला आणि बऱ्याच जणांना आराम पडला. उल्लेख हवा होता. ते सगळे प्रौढ होते, हे मात्र तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

पण "स्वतःचं लेकरू पोट धरून बसलं असतं तर हे शहाणपण सुचलं नसतं" हे कशाच्या जोरावर लिहिलंत? विचारायचं तरी होतं.

माझी मुलगी शाळेच्या वेळेला गुडघे पोटाशी घेऊन, बेंबीवर मूठ दाबून पडायची. रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे, नाटक नाही. आतड्याच्या नसा इतक्या हळव्या झाल्यात की साध्या वायूचा ताणही मेंदूपर्यंत कळ होऊन पोचतो. मी त्यांच्यावर उखडले होते. त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं, तर मी काहीही करायला तयार झाले असते. म्हणून तर लिहिलं!

शाळा बुडू द्यायची नाही, दर तासाला "दुखतंय का?" विचारायचं नाही, असं करत ती हळूहळू सावरली. नेमक्या त्याच सुमारास कुणी जिवाणूंची कॅप्सूल दिली असती, तर आज मी तिचेच गोडवे गात असते. या दुखण्यात नुसत्या प्लासिबोनेही, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीनेही, सुमारे ४० टक्के मुलांना बरं वाटतं. तुमच्या ओळखीतला 'बरा झालेला मुलगा' यात कुठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

तुमचा ८० टक्क्यांचा आकडा सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गाचा आहे. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. तो आजारच वेगळा. तिथे अँटिबायोटिकांनी आतडं ओसाड केलेलं असतं. उलट आयबीएसवरच्या २०१८ च्या डॅनिश चाचणीत प्लासिबो घेणाऱ्यांना जास्त आराम पडला. हाही अभ्यास प्रौढांवरचाच, आधीच सांगून ठेवते.

औषध कंपन्यांच्या दलालीबद्दल उत्तर देत नाही.

आणि "घरी मिक्सरमध्ये करता येतं" ही ओळ मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या नमुन्यातून औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जिवाणू दोन रुग्णांत गेले. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती. त्यातला एक दगावला. तो नमुना घरचा नव्हता, डॉक्टरांच्या देखरेखीतल्या वैद्यकीय चाचणीतला होता. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, ती ओळ परत टाकू नका.