पिसं आणि मे महिना

मे महिन्यात नागपुरात पाहुण्याला पाणी नंतर विचारतात, आधी कूलरपुढे बसवतात. आमच्या हॉलमध्येही वाळ्याच्या ताट्या लावलेला दणदणीत कूलर आहे. यंदा तो भरदुपारी बंद असतो, कारण लेकीनं पिसांचे कानातले करायला घेतलेत.

सोनाराच्या दुकानात पंखा चालतो. मोत्यांचा सर वाऱ्यानं उडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पिसांचं तसं नाही. परवा यांनी ऑफिसातून आल्या आल्या सवयीनं कूलरचं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात एक पीस ताकात, एक सासूबाईंच्या अंबाड्यात आणि उरलेली थेट देवघरात. "घरात कोंबडी कापली का?" असं यांनी विचारलं. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलल्या नाहीत.

या कारखान्यात माझ्याकडे चिमट्याची नोकरी आहे. पिसाचा देठ कापायचा, त्याला गोंदाचा थेंब लावायचा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या पितळी टोपीत तो खुपसायचा आणि पकडीनं टोपी दाबायची. जास्त दाबली तर देठ उभा चिरतो, कमी दाबली तर पीस भर लग्नात कान सोडतं. गोंद वाळेपर्यंत मी धरून बसायचं. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबतोय, पुसायला हात मोकळा नाही, फुंकर मारायची तर पीस उडेल. "हलू नको ना आई, चिकटून राहिलं ते!" श्वासही तिच्या परवानगीनं.

सासूबाईंचं खातं दुरुस्तीचं. विस्कटलेलं पीस दोन बोटांत धरून बुडाकडून टोकाकडे ओढलं, की फटी मिटतात. तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून चेन लागल्यासारखे बसतात. "इतकं सरळ तुझा नवरा कधी बसला नाही," हे त्या मला ऐकवतात. जणू नवरा मी वाढवला.

खरी आफत जोडीची. डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. त्यामुळे दोन कानांना दोन पंखांतली पिसं लागतात. नाहीतर दोन्ही कानातले एकाच दिशेला बघतात. हे शास्त्र कळलं ते यांच्या बॅडमिंटनच्या शटलांचा बळी गेल्यावर. एका शटलला १६ पिसं, म्हणून पोरीनं डबाभर शटलं सोलली. सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखातली! तशी नसतील तर शटल नीट गिरकी घेत नाही म्हणे. आता आमच्याकडे शेकडो कानातले आहेत, सगळे एकाच कानाचे. यांनी क्लबात "खांदा दुखतो" म्हणून सांगितलंय.

न्यू जर्सीच्या मावशीला मोरपिसाचेच हवे होते. मोर १९७२च्या कायद्याखाली संरक्षित. आपसूक गळलेली पिसं देशात वापरता येतात, परदेशी धाडता येत नाहीत. हे मी तिला फोनवर समजावलं. "मग वासुदेवाच्या टोपीत चालतात ती?" म्हणाली. वासुदेव न्यू जर्सीला जात नाही गं बाई! तरी रुसली. निळा रंग मोरपिसात मुळात नसतोच, प्रकाशाची करामत आहे, असं लेकीनं मधेच सांगितल्यावर तर तिनं फोनच ठेवला.

पिसांना कसर लागते, म्हणून सगळा माल डांबरगोळ्यांच्या डब्यात असतो. त्यातलीच एक जोडी घालून मी चुलत दिराच्या लग्नाला गेले. मोठ्या नणंदेनं जवळ येऊन दोनदा हुंगलं. "कपाटातला शालू काढला वाटतं! छान आहे हो, जुना असला तरी." शालू नवा कोरा होता, कालच फॉल लावून आणलेला.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "पुढच्या मालात कापूर घालू." सासूबाईंनी त्याच पावली देवघरातली कापराची डबी उचलली आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.